टिंब, रेघ आणि पट्टा : भुवया कोरायच्या तर कशानं?

भाचीची दहावीची परीक्षा संपली आणि तिसऱ्या दिवशी ती आमच्याकडे येऊन आरशासमोर उभी राहिली. "मावशी, मधले तरी काढू ना गं?" मधले म्हणजे दोन भुवयांना जोडणारे केस. आमच्या घराण्याची देणगीच आहे ती. पार्लरच्या भाषेत 'जॉइंट'.

तिच्या आईचं म्हणणं, पार्लरमध्ये जा आणि दोऱ्यानं करून घे. मैत्रिणीनं सांगितलेलं, फेस रेझर मागव, दुखत पण नाही. कुणीतरी लेझरचं डोक्यात भरवलेलं, एकदा केलं की जन्माची कटकट मिटली. आणि आजीचं ठाम मत, "रेझर लावलास तर काटे येतील, काटे!" चौघांचे चार सल्ले, आणि पोरगी गोंधळलेली. मग मी पाठकोरा कागद घेतला आणि तिला जे चित्र काढून दाखवलं तेच इथं लिहिते आहे.

आधी केस समजून घ्या

डोक्यावरचा एक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो, म्हणून वेणी होते. भुवईचा केस जेमतेम महिना-दीड महिना वाढतो. मग वाढ थांबते, केस मुळाशी नुसता बसून राहतो आणि एक दिवस गळतो. त्याच जागी नवा येतो. ही सगळी फेरी साधारण चार महिन्यांची. वाढीचा वेगही डोक्यावरच्या केसाच्या निम्म्याहून कमीच. म्हणून तर आयुष्यात कधी भुवयांना हात न लावणाऱ्या बाईच्याही भुवया डोळ्यांवर लोंबत नाहीत.

भुवईतले सगळे केस मात्र एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात. काही वाढत असतात, बरेचसे विश्रांती घेत असतात आणि काही अजून कातडीच्या आतच असतात. शनिवारी भुवया केल्या आणि गुरुवारी खाली काळे ठिपके दिसायला लागले, की आपण म्हणतो, पार्लरवालीनं नीट केलं नाही. खरं तर ते केस शनिवारी बाहेर आलेलेच नव्हते. न दिसणारा केस ती बिचारी काढणार कुठून? "ताई, अजून ग्रोथ नाहीये, आठ दिवसांनी या," असं एखादी तोंडावर सांगते, तेव्हा ती पन्नास रुपये सोडून खरं बोलत असते. अशा बाईला धरून ठेवावं.

याच फेरीतून दुसरीही गोष्ट निघते. चुकून एक केस जास्त गेला, तर तो परत पूर्ण लांबीचा व्हायला दोन-तीन महिने, कधी चारही लागतात. आणि तोच केस वर्षानुवर्षं उपटत राहिलात तर मुळाची पिशवी दुखावते. आधी केस बारीक येतो, मग फिकट, मग येतच नाही. मी कॉलेजात होते तेव्हा, म्हणजे १९९० च्या दशकात, पेन्सिलच्या रेघेएवढ्या भुवयांची फॅशन होती. वसतिगृहाच्या खिडकीत उजेडाला बसून मी प्लकरनं वरून, खालून, दोन्हीकडून उपटत असे. उजव्या भुवईचं शेपूट तेव्हा जे गेलं ते गेलं. आज तिथं रोज पेन्सिलनं सहा-सात काड्या काढते. एरंडेल तेल चोळून झालं, कांद्याचा रसही झाला. तेलानं आहेत ते केस चकचकीत दिसतात, दाट वाटतात. मेलेलं मूळ त्यानं जिवंत होत नाही.

कागदावरचं चित्र

भाचीला मी कागदावर तीन खुणा काढून दाखवल्या. एक टिंब, एक रेघ, एक पट्टा. प्लकर एका वेळी एक केस काढतो, म्हणजे टिंब. दोरा एका झटक्यात केसांची ओळ काढतो, म्हणजे रेघ. वॅक्स एका ओढीत सगळी जागाच साफ करतं, म्हणजे पट्टा. तिन्हीत केस मुळापासूनच निघतो, त्यामुळे परत यायला लागणारा वेळ सारखाच. 'वॅक्स जास्त टिकतं' किंवा 'दोऱ्यानं लवकर येतात' यात फारसा अर्थ नाही. फरक आहे तो हात चुकला तर काय होतं यात. प्लकर चुकला तर एक केस जातो. दोरा चुकला तर भुवईत खाच पडते. वॅक्स चुकलं तर अर्धी भुवई कागदाच्या पट्टीला चिकटून येते, आणि मग दुसरी बाजू 'मॅच' करण्याच्या नादात तीही जाते.

रेझर, ट्रिमर आणि कात्री यांची जातच वेगळी. ती केस उपटत नाहीत, कातडीच्या पातळीवर कापतात. लेझर आणि इलेक्ट्रोलिसिस ही तिसरी जात, ती मुळालाच भाजून काढते.

दोरा

आपल्याकडे 'आयब्रो करून येते' म्हटलं की दोराच. इतका सवयीचा, की त्यातली करामत आपल्याला दिसत नाही. हातभर सुती दोरा. त्याची दोन टोकं एकत्र धरून मधोमध आठ-दहा पीळ द्यायचे. एक टोक दातांत, नाहीतर मानेभोवती, बाकीचं दोन हातांत. एका हाताची बोटं फाकली की पीळ दुसरीकडे सरकतो, ती मिटली की परत येतो. हा सरकता पीळ कातडीवर टेकवला, की वाटेत आलेला केस त्याच्या पिळात सापडतो आणि मुळासकट निघतो. यात ना गरम काही, ना रसायन, ना पातं. वापरलेला दोरा टाकून द्यायचा, संपलं.

दोऱ्याची धार सरळ असते, म्हणून खालची कड जितकी रेखीव दोऱ्यानं येते तितकी दुसऱ्या कशानंही येत नाही. भुवईखालची मऊ लव, जी प्लकरला सापडतच नाही, तीही निघते. मात्र केस फार आखूड असेल किंवा दोरा वेडावाकडा टेकला तर केस मुळातून न येता मधेच तुटतो. दोन दिवसांत बोटाला टोचायला लागतं ते यामुळे.

आणि अर्धं काम गिऱ्हाइकाचं असतं. "ताई, ताण धरा," असं ती म्हणते तेव्हा एक हात पापणीवर आणि दुसरा कपाळावर ठेवून कातडी ढोलाच्या पानासारखी ताणून धरायची. ढिली पडली तर दोऱ्यात कातडीच चिमटते आणि कापते. पापणीवर ती बारीक लाल रेघ घेऊन घरी आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि बऱ्याचदा फोन वाजला म्हणून त्यांनीच हात सोडलेला असतो.

शिंका का येतात, हेही भाचीनं विचारलंच. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी एक मोठी नस आहे. तिची एक फांदी कपाळ-भुवईकडे जाते, नाकाच्या आतल्या भागाकडेही तिच्याच फांद्या जातात. भुवईचा केस ओढला की निरोप त्याच तारेवरून जातो, आणि मेंदूला वाटतं नाकातच काहीतरी गेलं. डोळ्यांतून पाणी येतं तेही त्याच गोंधळात. नुसतं दुखलं म्हणून कुणी रडत नसतं.

दोरा फक्त आपला नाही. इराणात आणि अरब मुलुखांत तो जुना आहे, चीनमध्ये लग्नाआधी नवरीचा चेहरा दोऱ्यानं साफ करायची रीत होती. अमेरिकेत तो मॉलमधल्या छोट्या ठेल्यांवर पोचला तो मुख्यतः आपल्या उपखंडातल्या बायकांच्या हातून. तिथं टेक्सास राज्यानं फर्मान काढलं, की दोऱ्यानं भुवया करायच्या तर किमान ७५० तासांचं सौंदर्यप्रसाधनाचं शिक्षण हवं. ज्या अभ्यासक्रमात दोरा शिकवायची सक्तीच नव्हती, तो पैसे भरून पुरा करायचा! हा काम करणाऱ्यांनी लढवलेला खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जून २०१५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी न्यायालयानं ती अट घटनाबाह्य ठरवली. दोऱ्यापुरता तरी न्याय झाला म्हणायचा.

स्वच्छतेचं मात्र बजावून सांगते. दोरा नवा असला तरी हात नवे नसतात, आणि दातांत धरलेल्या टोकाला थुंकी लागतेच. दोऱ्यानं कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. त्यातून केसाच्या मुळाशी पू धरतो, पुटकुळ्या येतात. चपटे चामखीळ आणि पाण्याच्या थेंबासारखे दिसणारे संसर्गाचे फोडही यातून पसरतात, आणि ते बरोबर दोरा फिरला त्या ओळीत उगवतात. दोरा मानेत अडकवून काम करणारी मिळाली तर उत्तम. नाहीतर "हात धुऊन घ्या ना," म्हणायला लाजू नका.

प्लकर

मी माझं प्लकरवर वाया घालवलं, तरी घरच्या घरी करायचं असेल तर सल्ला प्लकरचाच देते. कारण तो सगळ्यांत हळू आहे. एक केस, थांबा, आरशापासून मागे या, बघा. टोक तिरकं असलेला घ्या. अणकुचीदार टोकाचा हात हलला की टोचतो. अंघोळीनंतर कातडी मऊ असताना, केस ज्या दिशेला वाढतो त्याच दिशेला, मुळाजवळ धरून ओढा. उलट ओढलात तर केस तुटतो आणि परत येताना कातडीच्या आतच वळतो.

सगळा घात करतो तो मोठं दाखवणारा गोल आरसा. त्यात प्रत्येक केस आगाऊ वाटतो. माझं शेपूट अशाच आरशानं खाल्लं. साधा आरसा, दिवसाचा उजेड, आणि चेहरा पूर्ण दिसेल इतकं अंतर ठेवा.

काढायचे कुठले ते ठरवायला एक पेन्सिल पुरते. नाकपुडीच्या कडेला टेकवून सरळ उभी धरली की जिथं लागते तिथं भुवई सुरू व्हावी. तिथूनच तिरकी करून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून नेली की कमानीचा उंच भाग मिळतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की शेपटाचं टोक. कागदावर हे तंतोतंत बसतं, चेहऱ्यावर थोडं इकडेतिकडे होणारच. दोन भुवया बहिणी असतात, जुळ्या नसतात.

वॅक्स

हातापायांना वॅक्स करणाऱ्या माणसाला वाटतं भुवईलाही करावं, झटकन होईल. होतंही. पण डोळ्याभोवतीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. वॅक्स केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही थोडा घेऊन जातं. पायाला त्याचं काही वाटत नाही, पापणीला वाटतं.

मुरुमांसाठी किंवा डागांसाठी तुम्ही काही लावत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ट्रेटिनॉइन, अडापलीन, रेटिनॉल ही सगळी एकाच कुळातली मलमं. त्यांनी वरचा थर नाजूक होतो. मी रात्री ट्रेटिनॉइन लावत होते, ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एका पार्लरमध्ये पट्टी ओढली तेव्हा भुवईखालची कातडी टोमॅटोच्या सालीसारखी निघाली. जखम आठवड्यात भरली, काळा डाग मात्र पावसाळाभर राहिला. अशी मलमं चालू असतील तर भुवईला वॅक्स नकोच. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर नियम आणखी कडक : गोळ्या चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर किमान सहा महिने अंगावर कुठंही वॅक्स नाही.

साखर, लिंबू, पाण्याचा पाक करून लावतात ते शुगरिंग त्यातल्या त्यात सौम्य. कोमट असतं, पाण्यानं धुऊन निघतं. पण आहे तोही पट्टाच. आणि केस विरघळवणारी क्रीमं भुवईजवळ आणूच नका. ती केसातल्या प्रथिनाचे बंध तोडणारी कडक अल्कधर्मी रसायनं असतात, डोळ्यात ओघळली तर बुबुळ भाजू शकतं. पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आजीचे काटे

रेझर लावल्यानं केस जाड येतात, हे मी आजीकडून ऐकलं, आईकडून ऐकलं आणि एकदा एका डॉक्टरीणबाईंकडूनही ऐकलं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी हे मोजूनच पाहिलं आणि १९२८ मध्ये निष्कर्ष छापला : दाढी केल्यानं केसाच्या जाडीत, रंगात वा वेगात फरक पडत नाही. आणि का पडावा? पातं चालतं कातडीच्या वर. केस घडतो खाली, मुळाशी. वर काय कापलं गेलं याची मुळाला खबरच नसते.

मग आजीच्या बोटाला काटे लागतात ते काय? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, उसाच्या पात्यासारखं. मधोमध कापलं की उरतो तो बोथट खुंट. केस तोच, फक्त आता त्याची रुंद बाजू बोटाला लागते. म्हणजे आजीचं बोट खरं सांगतं आणि निदान चुकतं.

रेझरची खरी अडचण वेगळी आहे. तीन-चार दिवसांत खुंट दिसतात, आणि हात एक मिलिमीटर वर सरकला की भुवई कापली जाते. कपाळावरची आणि कल्ल्यांची लव काढायला चांगला, भुवईच्या कडेला जपून. ज्यांना उपटणं सोसत नाही, ज्यांची कातडी वर सांगितलेल्या मलमांनी नाजूक झाली आहे, त्यांच्यासाठी पेनासारखा बारीक ट्रिमर बरा. पातं मात्र कुणाशी वाटून घ्यायचं नाही, सख्ख्या बहिणीशीसुद्धा नाही.

लेझर

भाचीचा चेहरा इथं पडला. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगाला शोधतो, तिथं शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. आता डोळ्यात आणखी काळं-तपकिरी काय असतं? बुबुळातला रंगीत पडदा. लेझरला केस आणि डोळा यांतला फरक कळत नाही. आणि डोळे घट्ट मिटले की बुबुळ वरच्या बाजूला, म्हणजे भुवईकडेच सरकतं. भुवईखाली लेझर मारल्यामुळे डोळ्याच्या आत सूज येणं, बाहुलीचा आकार वाकडा होणं, मोतीबिंदू होणं असे प्रकार डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. त्यामुळे भुवईच्या खालच्या बाजूला लेझर नाही म्हणजे नाही. मधल्या जॉइंटला, कपाळाच्या हाडावर, डोळ्यांना पूर्ण कवच घालून त्वचारोगतज्ज्ञ करू शकतात. तेही पाच-सहा बैठका, आणि केस कमी होतात, सगळेच जातील असं नाही. पांढऱ्या केसाला तर लेझर ओळखतही नाही.

इलेक्ट्रोलिसिसमध्ये प्रत्येक केसाच्या मुळाशी सुईनं वीज देतात. पांढरा, सोनेरी, कुठलाही केस कायमचा जातो. याची सुरुवातच डोळ्यापाशी झाली : सेंट लुईसचेच नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी हा उपाय १८७५ मध्ये प्रसिद्ध केला. ट्रॉटरबाईंचंच गाव, त्या गावाला केसांचं काय वेड होतं कोण जाणे. पण एकेक केस करायला फार वेळ आणि पैसा लागतो. शिवाय 'कायमचा' हा शब्द सोळाव्या वर्षी भुवईबद्दल वापरू नये. भुवयांची फॅशन दर दहा-पंधरा वर्षांनी फिरते, आणि माझं शेपूट त्याला साक्षी आहे.

हात लावण्याआधी

अंगावर कोडाचे पांढरे डाग असतील तर उपटण्याच्या सगळ्याच पद्धती टाळा. अशा कातडीला जिथं इजा होते तिथं नवा डाग उठू शकतो. दोऱ्यानंतर भुवईखाली असे डाग आल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा आपोआप विरळ होत असेल तर पार्लर नको, थायरॉइडची तपासणी हवी. गोल चकती पडल्यासारखे केस गेले तर ती चाई असू शकते. आणि दोन्ही भुवया हळूहळू झडत असतील, अंगावर बधिर चट्टे असतील, तर लगेच डॉक्टर. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात भुवया जातात, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत, पूर्ण बरं करणारं औषध आहे.

भुवया केल्यावर बर्फाचा तुकडा रुमालात गुंडाळून फिरवा, वर साधी कोरफड चालेल. त्या दिवशी मेकअप, वाफ आणि दुपारचं ऊन नको. लग्नाकार्याच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदाच काही नवीन करून बघायचं तर अजिबातच नको, चार-पाच दिवस आधी करा.

शेवटी भाचीनं प्लकर घेतला. मी तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून दिला आणि गोल आरसा कपाटात ठेवला. खिडकीत उभं राहून तिनं मधले केस मोजून अकरा काढले आणि तीनदा शिंकली. बाराव्याला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "आता लांब जाऊन बघ." दारापर्यंत मागे गेली, मान वाकडी करून पाहिलं आणि प्लकर माझ्या हातात देत म्हणाली, "मावशी, मला खालचे पण काढायचेत. पण ते पार्लरमध्ये. तू ताण धरायला ये."